सातव्या तबकडीचे फेरे

जव्हारच्या राजवाड्यातल्या तबकड्यांची यादी माझ्या हातची आहे. तिला सहा रकाने आहेत: क्रमांक, कोण गातं, कोणती बाजू चांगली, चरा कुठं पडला आहे, कुणाला आवडते आणि शेरा. ‘कुणाला आवडते’ हा रकाना कंपन्यांच्या छापील यादीत नसतो, पण माझ्या कामात तोच सर्वांत उपयोगी पडला. आत्यासाहेबांना दुपारी झोप येत नसेल तर कोणती तबकडी लावायची आणि रेंगाळलेल्या पाहुण्यांना उठवायचं असेल तर कोणती, हे त्यावरून एका नजरेत कळतं.

सकाळी मुलींची शाळा आणि दुपारी राजवाड्यात फोनो, म्हणजे ग्रामोफोन, अशी दोन कामं मी वीसेक वर्षं केली. शाळेत मला बाई म्हणत, राजवाड्यात फोनोबाई. गावात चौकशी केलीत तर दुसऱ्या नावानं घर लवकर सापडेल. या कामाबद्दल लिहायला बसले तेव्हा सवयीप्रमाणे आधी मुद्दे काढले. चौदा निघाले. त्यांतले बहुतेक खोडले, कारण कुठूनही सुरुवात केली तरी मन फिरून सातव्या तबकडीपाशी येऊन बसत होतं.

फोनो आला तेव्हा मी दहा वर्षांची होते. इगतपुरी स्टेशनापासून खोडाळा, मोखाडा करत तो बैलगाडीनं आला. वाटेत ओढ्यात गाडी कलली आणि खोकं भिजलं. यंत्र बचावलं, बारा तबकड्या बचावल्या, पण यंत्र कसं चालवायचं ते सांगणाऱ्या कागदाचा लगदा झाला. राजवाड्याच्या ओसरीवर खोकं उघडलं. आतून पितळी कर्णा निघाला, लाकडी पेटी निघाली आणि पेटीसोबत एक चावी निघाली. चावी दिसताच सगळ्यांच्या माना माझ्या वडिलांकडे वळल्या.

माझे वडील, नाना, संस्थानचे घड्याळजी होते. राजवाड्यात, कचेरीत, शाळेत, दवाखान्यात, जिथं जिथं भिंतीवर घड्याळ होतं तिथं दर सोमवारी सकाळी चाव्यांचा जुडगा घेऊन नाना जात. पावसाळ्यात जव्हारात धुकं दारापर्यंत येऊन बसतं. समोरचं आंब्याचं झाड नाहीसं होतं, सकाळ आहे की संध्याकाळ ते कळेनासं होतं. अशा दिवसांत लोक आमच्या ओट्याशी यायचे. माणूस दिसायचा नाही, नुसता आवाज यायचा, “नाना, किती झाले?” नाना आतून सांगायचे. ते सांगत तितके वाजलेले असत. मला धुक्याची भीती वाटायची नाही ती यामुळे. काही दिसो न दिसो, किती वाजले ते आमच्या घरात नक्की ठाऊक होतं. नानांनी कधी कुणाला वेळ विचारलेली मी पाहिली नव्हती.

“चावी आहे म्हणजे घड्याळजींचंच काम,” असं कारभाऱ्यांनी जाहीर केलं आणि फोनो नानांच्या ताब्यात आला.

नानांनी पेटी उघडून आत डोकावलं. स्प्रिंगची मोठी कमान होती, दात्यांची चाकं होती. “अगं, हे घड्याळच आहे,” ते मला म्हणाले. “फक्त वेळ सांगत नाही.” तबकडी ठेवायच्या थाळीशेजारी एक स्क्रू होता. तो एका बाजूला फिरवला की थाळी जोरात फिरे, दुसऱ्या बाजूला फिरवला की हळू. पण किती जोरात फिरायला हवी, ते लगदा झालेल्या कागदात गेलं होतं.

दुसऱ्या कुणी आवाज बरा लागेपर्यंत स्क्रू फिरवला असता. नानांचा कानावर विश्वास नव्हता, घड्याळावर होता. आणि बरा म्हणजे कसा, हे सांगायला जव्हारमध्ये तबकडी ऐकलेलं माणूस होतं कुठं? नानांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, “एक फेरा, एक सेकंद.” थाळीच्या कडेला त्यांनी पांढऱ्या कागदाचा तुकडा चिकटवला. खिशातलं घड्याळ माझ्या कानाशी धरलं. मी टिकटिक ऐकून सेकंद मोजायचे, ते कागद बघत स्क्रू सरकवायचे. अर्ध्या तासानं कागद आणि सेकंद एकमेकांना बरोबर भेटायला लागले. मिनिटाला साठ फेरे. नानांनी स्क्रूवर कुंकवाची खूण केली आणि ती पुसू नये म्हणून वर लाखेचा थेंब सोडला.

ते मोजणं मला अजून स्वप्नासारखं आठवतं. नानांच्या हाताला तेलाचा वास, कानाशी टिकटिक आणि तो पांढरा तुकडा येतोय, जातोय, येतोय.

जनानखान्यात नानांना जाता येत नसे, म्हणून तिथं फोनो वाजवायचं काम माझ्याकडे आलं. काम दिसतं त्यापेक्षा किचकट होतं. प्रत्येक बाजूला नवी सुई लागे, कारण वापरलेली सुई तबकडी कुरतडते. दर वेळी चावी पुरी द्यावी लागे, नाहीतर गाणारा शेवटी पेंगुळतो. तबकड्या लाखेच्या असत, उन्हात ठेवल्या की पापडासारख्या वाकत. भर पावसात घाट बंद होऊन सुया संपल्या की आम्ही करवंदीचा वाळलेला काटा लावायचो. काट्यावर आवाज लहान येतो, पण मऊ येतो. पावसाळ्यातली माझी सगळी गाणी काट्यावरची आहेत. गाणारी माणसं शेजारच्या खोलीत, दार लोटून बसली आहेत असं वाटायचं.

दहाव्या वर्षी मला तिसरी तबकडी आवडायची. तिच्यात एक माणूस नुसता हसतो. मीही हसायचे, मुदपाकखान्यातल्या बायकाही हसायच्या. पुढं बँडच्या तबकडीचं वेड लागलं. सातवी मला मुळीच आवडत नव्हती. एक बाई गायची, आवाज जड आणि इतका खालचा की पहिल्यांदा मला तो बाप्याच वाटला. एकेका शब्दापाशी ती इतका वेळ थांबायची की मी तेवढ्यात खिडकीशी जाऊन यायचे.

मग चौदाव्या वर्षी, श्रावणातल्या एका दुपारी, आत्यासाहेबांनी नेहमीप्रमाणे सातवी लावायला सांगितली. आत्यासाहेब राजघराण्यातल्या वडीलधाऱ्या. लहान वयात विधवा होऊन माहेरी आलेल्या, सतत काहीतरी विणत बसणाऱ्या. खिडकीबाहेर दरी धुक्यानं भरली होती. मी सुई टेकवली आणि या वेळी उठून गेले नाही, पाय दुखत होते एवढंच कारण. तो आवाज खालून वर यायला लागला, दरीतून धुकं वर येतं तसा. कुठं सुरू झाला कळलं नाही. संपला तेव्हा सुई नुसती खरखरत होती आणि मी ती उचलायची विसरले होते.

“आज ऐकलीस वाटतं,” विणकामावरची नजर न काढता आत्यासाहेब म्हणाल्या.

आवड अशी बदलते. मी ठरवलं नव्हतं. हसणारा माणूस त्या दिवसापासून मला जरा वेंधळा वाटायला लागला. यादीत सातवीपुढं ‘आत्यासाहेब’ लिहिलेलं होतं, त्याखाली मी ‘मी’ असं लिहिलं.

त्या आवाजात काहीतरी अडतंय हे मात्र मला कळलं नव्हतं. ते कळलं सोमाबाबांना. सोमाबाबा सूर्यमाळचे. मध आणि हिरडे घेऊन राजवाड्यावर यायचे. ते तारपा वाजवत. भोपळ्याचं हे लांब वाद्य फुंकून वाजवतात. वाजवणारा गालात वारा साठवून नाकानं दम घेतो, म्हणजे सूर तुटत नाही आणि नाचणाऱ्यांचा फेर चालू राहतो. एकदा मागच्या पडवीत बसून त्यांनी सातवी शेवटपर्यंत ऐकली.

“बाय, हिच्या मागं कोन लागलाय?” त्यांनी मला विचारलं.

“कुणी नाही. का हो?”

“गाते सावकास. पन दम चोरते. जिथं दम घ्यायाचा तिथं घेतच नाय. कोनी धाक घालून बसलाय हिला.”

मला हसू आलं. इतकं निवांत गाणारी दुसरी कुणी मी ऐकली नव्हती.

अठराव्या वर्षी मास्तरीण होण्यासाठी मी नाशिकला शिकायला गेले. राहत होते तिथं शेजारी एका वकिलांचं घर होतं. एका दुपारी त्यांच्या खिडकीतून गाणं आलं. कोणी लहान मुलगी उंच, पातळ आवाजात तुरुतुरु गात होती, खार झाडावर चढते तशी. मी कपडे वाळत घालत होते. दुसऱ्या ओळीला माझा हात दोरीवरच राहिला. शब्द सातवीचे होते.

मी तशीच त्यांच्या घरी गेले. तबकडी बघितली. तीच कंपनी, तोच क्रमांक, तेच नाव. वकीलबाई हौशी होत्या, मी थाळीच्या कडेला कागद चिकटवला तर त्या हसल्या. मी मोजलं. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर. “असंच असतं ते,” त्या म्हणाल्या, “कागदावर लिहिलेलं आहे.”

खोलीवर येऊन मी यादी उघडली. काही कळलं आणि ते लिहिलं नाही, असं माझ्या हातून होत नाही. सातवीच्या शेऱ्यात लिहिलं: ‘नाशिकला ऐकली. फेरे अठ्ठ्याहत्तर हवेत. आपले चुकले.’

शिक्षण संपवून विसाव्या वर्षी जव्हारला परतले आणि नानांना काही सांगितलं नाही. ओट्याशी माणसं येत होती, नाना आतून वेळ सांगत होते. या माणसाला त्याचं मोजणं चुकलं असं कसं सांगायचं? उद्या सांगू म्हणत दोन वर्षं गेली. राजवाड्यात सातवी वाजत राहिली, साठ फेऱ्यांनी, जड आणि संथ. खरं सांगायचं तर मला ती तशीच हवी होती.

आणि मग आत्यासाहेबांनी हट्ट धरला. सातवीच्या बाईला समोर बसवून ऐकायचंच. पत्र गेलं, उत्तर आलं, दसऱ्यानंतर बाई येणार असं ठरलं. मी तयारीची यादी केली. जाजम, पेटीवाले, तबलजी, सुंठीचा काढा. तळाशी लिहिलं, ‘नानांना सांगणे’. एकेक काम होत गेलं तशी खूण करत गेले. तळाची ओळ तशीच राहिली.

बाई आल्या त्या तिशीच्या आसपासच्या, भरल्या अंगाच्या, घाटातल्या गारव्यानं शाल गुंडाळलेल्या. आत्यासाहेबांनी चिकाच्या पडद्याआडूनच स्वागत केलं, “या, सातव्या बाई, या!”

“सातवी?” बाईंनी भुवया उंचावल्या. “मग माझ्या आधीच्या सहा कोण?”

“दोन बँड आहेत, एक कोंबड्यासारखा आरवतो, एक नुसता हसतो...” आत्यासाहेब मोजायला लागल्या तशा बाई खळखळून हसल्या. “चांगल्या संगतीत ठेवलंत मला!”

दुपारचे साडेतीन वाजले असतील. दिवाणखान्यात मंडळी बसली होती. त्या दिवशी फोनो बाहेर होता, म्हणून चावी द्यायचा मान नानांचा. ते फेटा बांधून आले होते. “आधी तबकडी वाजू दे, मग तुम्ही गा,” आत्यासाहेब म्हणाल्या. “दोन्ही शेजारी शेजारी ऐकायचंय.”

नानांनी चावी दिली. मी सुई टेकवली. 

दोन ओळी झाल्या. बाईंनी इकडंतिकडं पाहिलं. “कोण गातंय हे?”

“तुम्हीच की,” आत्यासाहेब म्हणाल्या.

“छे! यंत्र हळू फिरतंय, घड्याळजी.”

नानांनी शांतपणे खिशातून घड्याळ काढलं. तबकडी संपेपर्यंत मोजलं. “मिनिटाला साठ. बारा वर्षांत एक फेरा कमी नाही, एक जास्त नाही.”

“साठ? अहो, अठ्ठ्याहत्तर लागतात!”

 मग चिकाआड कोणीतरी फिसकन हसलं. कारभाऱ्यांनी मिशीवर हात फिरवला. “काय हो नाना, कचेरीतलं घड्याळ तरी बरोबर आहे ना? का तेही असंच रमतगमत?”

सगळे हसले. वाईट हेतू कुणाचा नव्हता. पण नानांचा चेहरा मला दिसत होता. धुक्यात झाड नाहीसं होतं तसं त्या चेहऱ्यावरून काहीतरी नाहीसं झालं. त्यांनी कमरेचा जुडगा सोडला आणि फोनोशेजारी ठेवला.

“कारभारी, या चाव्या. ज्याला फेरे मोजता येत नाहीत, त्यानं गावाला वेळ सांगू नये.”

मला ओरडावंसं वाटलं की मोजणं चुकलेलं नाही, साठ बरोबर साठच आहेत, आकडाच कुणी सांगितला नव्हता.  नाना दाराकडे वळले.

“घड्याळजी,” बाई म्हणाल्या. त्या हसल्या नव्हत्या. “जायच्या आधी पुन्हा एकदा लावा. आहे तशीच.”

नाना थांबले, परत आले. त्यांनी चावी दिली, मी सुई बदलली. बाई डोळे मिटून बसल्या. शालीखाली त्यांचं एक बोट मांडीवर हलत होतं. तबकडी संपली तरी त्यांनी लगेच डोळे उघडले नाहीत.

“चौदा वर्षांची होते मी,” त्या म्हणाल्या. “मुंबईत एका खोलीत नेलं. भिंतींना रजया टांगलेल्या. समोर साहेब हातात घड्याळ घेऊन उभा. तीन मिनिटांत संपव म्हणाला, हात वर केला की थांबायचं. माझ्या गुरुजींनी ही चीज अर्धा अर्धा तास सावकाश घोटून घेतली होती. ती मी पळत सुटल्यासारखी गायले. तबकडी आली, गुरुजींना ऐकवली. ते म्हणाले, ‘मी हे शिकवलेलं नाही.’ पुन्हा ती लावू दिली नाही त्यांनी.” त्या नानांकडे वळल्या. “ही अशी असती तर ऐकली असती त्यांनी.”

तेव्हा कुठं मी तोंड उघडलं. “सूर्यमाळचे एक तारपेवाले आहेत. ही ऐकून ते म्हणाले होते, हिला कुणी धाक घालून बसलाय. दम घेऊ देत नाही.”

“एवढं गाजलं ते गाणं,” बाई म्हणाल्या, “आणि कळलं ते एकट्या तारपेवाल्याला!”

पेटीवाल्यांनी काळी पाचचा सूर धरला, तबकडी भरली तेव्हाची उंच पट्टी. बाईंनी मान हलवली. “ती त्या पोरीची पट्टी. आता माझी काळी तीन.” पेटीवाल्यांनी खालचा सूर दिला आणि चमकून माझ्याकडे पाहिलं. साठ फेऱ्यांच्या सातवीचा सूर जवळजवळ तोच होता.

बाई गायल्या. तबकडीत जिथं त्या दम चोरत होत्या तिथं त्यांनी दम घेतला, घाई न करता, आणि प्रत्येक वेळी मला वाटलं, बारा वर्षं मीच श्वास अडवून बसले होते. खिडकीतून आलेलं ऊन जाजमावरून सरकत भिंतीवर चढलं. चिकाआड विणायच्या सुयांचा आवाज कधीच थांबला होता. गाणं संपल्यावर आत्यासाहेब एवढंच म्हणाल्या, “हीच आमची.”

बाईंनी शाल सावरली. दिवाणखान्यात दोन भिंतींवर दोन घड्याळं होती. त्यांतलं एकही न बघता त्यांनी विचारलं, “घड्याळजी, किती झाले?”

नाना गोंधळले. खिशातलं घड्याळ काढून बराच वेळ बघत राहिले. “पाचाला बारा कमी.”

“मग आणखी एक चीज होईल,” बाई म्हणाल्या आणि चाव्यांचा जुडगा उचलून त्यांच्यापुढं धरला.

नानांनी तो घेतला.

घरी आम्ही दोघं चालत निघालो. टेकाडावर आल्यावर नाना म्हणाले, “नाशिकला ऐकली असशील तू ही.”

“हो.”

“मोजलंस?”

“मोजलं.”

“यादीत लिहिलं असशील.”

“लिहिलं.”

“आणि मला सांगितलं नाहीस.”

“तुम्हाला वाईट वाटलं असतं, नाना.”

ते चार पावलं पुढं गेले. “वाईट आजही वाटलंच की, गोदू. दोन वर्षांपूर्वी घरात वाटलं असतं.”

 

दुसऱ्या दिवशी नानांनी स्क्रूवर चुन्याची दुसरी खूण केली, अठ्ठ्याहत्तरची. सगळ्या तबकड्या पांढऱ्या खुणेवर गेल्या. बँड दणदणीत वाजायला लागला, हसणारा माणूस जास्तच वेंधळा झाला. फक्त सातवी, आत्यासाहेबांच्या हुकमानं, लाल खुणेवर राहिली. नानांचं काम पहिल्यासारखं चालू झालं. लोक ओट्याशी येत, वेळ विचारत, नाना सांगत. बाहेरून पाहणाऱ्याला काही फरक दिसला नसता.

फरक सोमवारी सकाळी दिसायचा. नाना घड्याळाला चावी देत, काटे जुळवत आणि काच लावण्याआधी माझ्याकडे वळत. “बरोबर आहे ना, गोदू?” सगळ्या जव्हारला वेळ सांगणारा माणूस दर घड्याळापाशी मला विचारायचा, शेवटच्या सोमवारपर्यंत. मी बघायचे आणि म्हणायचे, “बरोबर आहे, नाना.” तसं ते नेहमी असायचंच.

आता नाना नाहीत. चाव्या माझ्याकडे आल्या. सोमवारी मी एकटीच फिरते. घड्याळं झाली की राजवाड्यात जाऊन स्क्रू लाल खुणेवर आणते, थाळीच्या कडेला कागद चिकटवते आणि सातवी लावते. पांढरा तुकडा येतो, जातो. मी साठपर्यंत मोजते. मग यादी उघडून शेऱ्यातल्या ‘आपले चुकले’ या शब्दांखाली त्या दिवसाची तारीख घालते आणि पुढं लिहिते, ‘बरोबर आहे.’